तोंडास रोजा पू

कराड, ३ मार्च २०२५

ती. वसंताबाईंना विद्युलताचा नमस्कार.

आपली ओळख नाही, पण लवकरच होईल अशी चिन्हं आहेत. मी अमोघची आई. अमोघ अड्यारला ज्या ऑफिसात आहे तिथेच तुमची नात विद्यालक्ष्मी आहे आणि दोघं दोन वर्षं समोरासमोर बसून डबा खातात, हे मला गेल्या आठवड्यात कळलं. आता लग्न करायचं म्हणतो. मी लगेच फोनच करणार होते, पण तो म्हणाला, आजींना ऐकू कमी येतं, आणि त्या घरात मराठी लिहिता-वाचता येतं ते फक्त आजींना. म्हटलं, बरंच झालं. मी तेहतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आहे. बोललेलं माणूस नाकारतो, लिहिलेलं राहतं.

आम्ही सुधारलेली माणसं आहोत. पत्रिका बघत नाही. फक्त गुण जुळवून घेतले, ते साडेचोवीस आले. तंजावरकडची मराठी माणसं आपलीच, असं आमचे हे म्हणतात. हे म्हणजे विजयकुमार, बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि सध्या घरात सगळ्याच गोष्टींना हो म्हणतात.

रंगाचं तर आमच्याकडे कोणी नाव काढत नाही. तरी केवळ माहितीसाठी विचारते, अमोघने पाठवलेल्या फोटोत मुलगी सावलीत उभी आहे का? आणि तो म्हणतो, ती बाजारचं क्रीम लावत नाही, तिच्या चेहऱ्याला घरचंच काहीतरी असतं. ते काय असतं, हे मोकळेपणाने कळवावं. एकदा नातं जुळलं की मग लपवाछपवी नको.

आपली,
विद्युलता

वेस्ट मांबलम, चेन्नई, ११ मार्च २०२५

सौ. विद्युलताबाईंस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. अक्षर फारच सुरेख, मला भिंगही लागले नाही. माझे तसे नाही. बाळबोध लिपी मी हिंदीच्या परीक्षांसाठी शिकले, त्यास साठ वर्षे झाली. आमची मराठी तीनशे वर्षांपूर्वी इकडे आली ती परत गेली नाही. तीत तमिळ किती मिसळले ते आम्हांस आता कळतही नाही. चुका पोटात घालाव्या.

विद्याचा फोटो दुपारी बाराच्या उन्हात काढलेला आहे. सावली कुठेच नाही.

माझा मुलगा रघुराम, विद्याचा बाप, रेल्वेत आहे. तांबरमला ड्यूटी असते. तुमच्या अमोघास त्याने दोनदा पाहिले. मुलगा गुणी आहे, खाली बघून बोलतो, असे म्हणाला. मला तो आवडला. माझ्या पाया पडला आणि माझ्या कानाशी येऊन हळू बोलला. बाकीचे सगळे ओरडतात.

तोंडाचे विचारलेत ते सांगते, लपवण्यासारखे काही नाही. तिच्या तोंडास रोजा पू. लहानपणापासून. मलाही तेच होते, माझ्या आईसही तेच. तुमच्याकडे असते की नाही माहीत नाही. उन्हाळ्यात आवारं पू असते, ते जास्त चांगले, अंगातील उष्णता निघून जाते. वर मुगाचे पीठ, वाळा आणि कस्तुरी मंजळ, म्हणजे तोंडास लावायची हळद. वाळत आले की कोमट पाण्याने हळूहळू सोडवून काढते. समोरच्या घरची श्रीनिधी त्यात तेंगाय पाल घालते. मी घालत नाही, पालीने तोंड चिकट होते. त्या दिवशी घरभर वास सुटतो. आम्हांस तो फार आवडतो.

आता एवढे सांगितल्यावर तुमच्या मनात काही राहू नये.

वसंता

कराड, २० मार्च २०२५

श्रीमती वसंताबाई यांना नमस्कार.

आपलं पत्र वाचलं. खाली ठेवलं. पाणी प्यायले आणि परत वाचलं. आपण इतक्या सहज, इतक्या मोकळेपणाने लिहिलंत याबद्दल आभार मानावेत की काय ते मला कळेना. शेवटी मानते. दुसऱ्या कोणी लग्न होईपर्यंत झाकून ठेवलं असतं.

मी घाबरणारी बाई नाही. शाळेत मुलांना काय काय झालेलं मी पाहिलं आहे. पण त्रास चौथ्या पिढीत आला आहे आणि आपल्या घरात त्याचं कोणाला काही वाटत नाही, उलट आवडतो, हे वाचून मात्र मी गार पडले. म्हणून काही प्रश्न विचारते, राग मानू नये. एक, चेन्नईसारख्या शहरात चांगला कातडीचा डॉक्टर नाही का? दोन, हे लागट आहे का? अमोघ रोज समोर बसून जेवतो. तीन, पुढे मुलंबाळं झाली तर त्यांनाही येईल का? घरचे उपाय मी समजू शकते, मुगाचं पीठ कोणाचं वाईट करत नाही. श्रीनिधीबाई जे घालतात ते मात्र आपण घालत नाही हे वाचून जीव भांड्यात पडला. त्यांना कोणीतरी समजावून सांगायला हवं.

आम्ही मोडता घालत नाही. उपचार घ्यावेत, डॉक्टरांचं सर्टिफिकेट पाठवावं, पूर्ण बरं झालं की साखरपुडा करू. हवं तर दिवाळीपर्यंत थांबू.

विद्युलता

वेस्ट मांबलम, २८ मार्च २०२५

कराडच्या निवृत्त शिक्षिकाबाईंस,

आशीर्वाद लिहायला हात उचलला होता, परत खाली ठेवला.

तुमचे पत्र मी रघुरामास वाचून दाखवले. तो जेवत होता. हात धुवून उठला. मी त्यास म्हटले, बस, त्या बाई सुधारलेल्या आहेत, रंगाचे नाव काढत नाहीत. बघ, पूर्ण पत्रात एकदाही नाव काढलेले नाही. फक्त त्यास डॉक्टर हवा म्हणतात.

तर उत्तरे घ्या. चेन्नईत डॉक्टर पुष्कळ. काळ्या कातडीवर सर्टिफिकेट देणारा अजून निघालेला नाही, निघाला तर त्याच्या दाराशी मी तुमची ओळख सांगेन. आमचा रंग लागट आहे का, असे विचारलेत. मी पंच्याहत्तर वर्षांची आहे. माझे यजमान गोरेपान होते. बेचाळीस वर्षे एका ताटात जेवून ते गोरेच गेले. मुलाबाळांस येईल का? येईल. माझ्या मुलास आला, नातीस आला. त्याबरोबर कामही येते, आणि समोरच्याच्या तोंडावर बोलण्याची सवयही येते. दिवाळीपर्यंत थांबलात तरी बरे होणार नाही.

श्रीनिधीस समजावण्याचे तुम्ही मनावर घेऊ नये. तिचे तोंड तिचे आहे.

तुमच्या अमोघाविषयी माझे मत होते तेच आहे. आईविषयीचे बदलले.

वसंता

कराड, ५ एप्रिल २०२५

श्रीमती वसंताबाई,

काळी कातडी हा शब्द माझ्या पत्रात कुठे आहे ते दाखवा. मी झेरॉक्स ठेवली आहे. रंगाचं मी पहिल्या पत्रात एकदाच विचारलं होतं, तेही माहितीसाठी, आणि आपण उन्हाचं सांगितल्यावर तो आम्ही मनातल्या मनात चालवून घेतला होता. आम्ही एवढ्या कोत्या मनाचे नाही.

मी बोलत होते ते पूबद्दल. शब्द ओंगळ आहे म्हणून लिहिला नव्हता, आता लिहिते. आपल्याच हातचं ११ मार्चचं पत्र काढून बघा. 'तिच्या तोंडास रोजा पू. लहानपणापासून.' रोजला एक काना जास्त पडला आहे, तो मी शिक्षिका असूनही पोटात घातला. 'उन्हाळ्यात आवारं पू', म्हणजे आवरेनासा होतो, एवढं मला कळतं. वाळतो, खपली धरते, कोमट पाण्याने सोडवता. घरभर वास सुटतो. आणि शेजारीण त्यात पाल घालते. साधी पालसुद्धा नाही, तेंगाय जातीची. हे वाचून कुठल्या मुलाची आई साखरपुड्याचे पेढे सांगायला जाईल?

मी तरी एका बाजूचं ऐकून बसले नाही. ते पत्र आलं त्याच दिवशी अमोघला फोन लावला आणि स्पष्ट विचारलं, अरे, तिच्या तोंडावर रोज पू येतो असं तिच्या आजीने लिहिलंय, हे खरं आहे का? तू रोज समोर बसतोस. तो गप्प राहिला. मग म्हणाला, तुला काय वाटतं ते बघ, आई. माझा मुलगा माझ्याशी खोटं बोलत नाही. म्हणून मी समजले.

आता आपण सांगा, चूक कोणाची?

विद्युलता

वेस्ट मांबलम, १२ एप्रिल २०२५

सौ. विद्युलताबाईंस आशीर्वाद, अनेक.

चूक माझी. पन्नास टक्के माझी, बाकीची तमिळची.

पू म्हणजे फूल. रोजा पू म्हणजे गुलाबाचे फूल. आवारं पू म्हणजे तुमच्याकडे ज्यास तरवड म्हणतात त्याची पिवळी फुले. स्टेशनजवळ गावठी औषधांचे दुकान आहे तिथे सुकवलेली मिळतात. पाल म्हणजे दूध, तेंगाय पाल म्हणजे नारळाचे दूध. श्रीनिधीने आयुष्यात पालीस हात लावलेला नाही, दिसली तर ती खुर्चीवर चढते.

पत्र मी मोठ्याने वाचले, कारण विद्यास तमिळ येते, इंग्रजी येते, मराठी फक्त कानाने कळते. मी पालीपर्यंत पोचले तोवर रघुराम पोट धरून बसला होता. मी स्वतः इतकी हसले की कवळी काढून ठेवावी लागली. तुम्ही एक महिना आमच्या घरात पुवाची खपली सोडवत बसला होता आणि मी तुमच्या घरात माझ्या नातीचा रंग पुसत बसले होते. दोघींचा केवढा तरी राग फुकट गेला. मी तुम्हांस शिक्षिकाबाई म्हणून टोचून बोलले, त्याचे वाईट वाटते. माफ करा.

आता नीट कृती लिहिते. यात एकही तमिळ शब्द नाही. गुलाबाच्या पाकळ्या आणि तरवडाची फुले सावलीत वाळवायची, गच्चीवर नको, रंग उडतो आणि कावळे येतात. मूग, वाळा, तोंडास लावायची हळद थोडीच. सगळे गिरणीत दळून आणायचे, पण त्याआधी गिरणीत मिरच्या दळल्या आहेत का ते विचारायचे. एकदा मी विचारले नाही, तर विद्याचे तोंड दोन दिवस टोमॅटो झाले होते. दह्यात कालवून लावायचे. कडकडीत वाळू द्यायचे नाही. लावले असता बोलायचे नाही, चिरा पडतात. रंग उजळतो असे लोक म्हणतात. मी पंच्याहत्तर वर्षे लावले, माझा फोटो पाठवू का?

विद्या पण हसत होती, सगळ्यांत जास्त तीच. मग अमोघास तुम्ही फोन केलात ते आले तिथे थांबली. ते वाक्य मला परत वाचायला सांगितले. मी परत वाचले. तिसऱ्यांदाही वाचले. मग ती उठून उद्याच्या ऑफिसच्या कपड्यांस इस्त्री करत बसली. मला वाटते, दमली असेल.

वसंता

कराड, १९ एप्रिल २०२५

ती. वसंताबाईंना विद्युलताचा साष्टांग नमस्कार.

माफी कसली मागता, उलट मीच मागायला हवी. आपलं पत्र आल्यावर मी यांना वाचून दाखवलं. हे लग्नानंतर पहिल्यांदा माझ्यासमोर एवढ्या मोठ्याने हसले. नंतर म्हणाले, तू तेहतीस वर्षं मराठी शिकवलंस ना? मी तिकडे लक्ष दिलं नाही. माझ्या बहिणीला, जावेला, वाड्यातल्या चौघींना सांगितलं, सगळ्या पदर तोंडात धरून हसल्या. त्यातल्या दोघींनी कृती लिहून घेतली.

आता मनात काही राहिलं नाही. कातडी निरोगी आहे, घराणं चांगलं आहे, फुलांच्या नावाने भांडण झालं म्हणजे शुभशकुनच म्हणायचा. मे महिन्याच्या शेवटी दोन चांगल्या तारखा आहेत. आम्ही चेन्नईला येतो, साखरपुडा तिकडेच करू, लग्न इकडे. पाहुणे दीडशेच्या वर नकोत, असं आमचं म्हणणं आहे, पण यांचे बँकेतले लोक आले तर दोनशे होतील.

एक सहज सुचवते. आत्तापासून रोज लावलं तर लग्नापर्यंत दोन छटा तरी फरक पडेल ना? आपण म्हणता पडत नाही, पण आपल्या वेळी गिरण्यांचं दळण जाडसर असे. कॅमेऱ्यापुरतं हो. आमच्याकडचे नातेवाईक जुन्या विचारांचे आहेत, त्यांची तोंडं बंद करता आली तर बरं. मी स्वतः सुधारलेली आहे, हे आपल्याला माहीतच आहे.

अमोघ फोनवर हल्ली फार बोलत नाही. म्हटलं, लाजतोय. त्याला विद्याचं काय चाललंय विचारलं तर म्हणाला, बरं आहे. आपण उभयतांच्या अंगठ्यांची मापं कळवावीत.

आपलीच,
विद्युलता

वेस्ट मांबलम, २ मे २०२५

सौ. विद्युलताबाईंस आशीर्वाद.

उत्तरास उशीर झाला. लिहायला बसले की हात थांबत होता. तुमच्यावर राग नाही, हे आधी सांगते. दोन छटांचे वाचून पूर्वी आला असता. आता तो राग ठेवायला मनात जागा उरलेली नाही.

अंगठीचे माप पाठवत नाही. लग्न होणार नाही.

तुम्ही विचाराल, मग गैरसमज दूर होऊन काय मिळवले? मीही विद्यास हेच विचारले. रंगावरून रागावलीस का, म्हटले. ती म्हणाली, आजी, रंगाचे मी शाळेपासून ऐकते, त्यावरून रागावले असते तर कोणाशीच बोलले नसते. कराडच्या बाईंनी मला कधी पाहिले नाही. त्यांनी पत्र वाचले, त्यांना पू वाटला, त्यांचे काय चुकले?

तुमचे ५ एप्रिलचे पत्र मी वाचून दाखवले त्याच्या दुसऱ्या दिवशी डबा खाताना तिने अमोघास विचारले. भांडली नाही. तुमच्या आईने तुम्हांस फोन करून माझ्या तोंडावर पू येतो का असे विचारले होते का, एवढेच. तो हो म्हणाला. मग तुम्ही काय सांगितले? त्याने सांगितले की काही सांगितले नाही. आईच्या डोक्यात एकदा काही बसले की मध्ये बोलून उपयोग होत नाही, ती आणखी चिडते, आपोआप निवळेल म्हणून तो थांबला होता. पू म्हणजे फूल, हे त्यास पहिल्या दिवशीच कळले होते. चार वर्षे चेन्नईत आहे, बस-स्टॉपसमोर फुले विकणाऱ्या बायका दिवसभर तोच शब्द ओरडतात. त्यास सगळे माहीत होते. तुम्ही डॉक्टरचे सर्टिफिकेट मागितलेत तेही त्यास माहीत होते. मी इकडे नातीच्या रंगासाठी तुमच्याशी भांडत होते, तेही विद्याने त्यास रोज डबा खाताना सांगितले होते. तो ऐकून भात कालवत होता.

मला फार वाईट वाटले. मुलगा मला आवडला होता, अजूनही वाईट म्हणवत नाही. वाईट मुलगा खोटे बोलला असता. याने एक खरे वाक्य बोलायचे होते, नाही, आई, तिचे तोंड स्वच्छ आहे, एवढेच. त्यास काही लागत नव्हते. रघुराम अजून म्हणतो, लहान गोष्ट आहे, लग्नानंतर सुधारेल. मी त्यास विचारले, तुझ्या मुलीने उद्या त्या घरात कोणाकडे बघायचे? तो तांबरमला ड्यूटीवर निघून गेला.

विद्याने त्यास जे सांगितले ते मी तुम्हांस तसेच लिहिते, कारण त्यात तुमच्याविषयी काही नाही. ती म्हणाली, "माझे तोंड तुम्ही दोन वर्षे बघितलेत. स्वतःचे एकदा उघडले नाहीत."

त्याने डब्याचे झाकण लावले. मग म्हणाला, "आता आईला काय सांगू?"

ती म्हणाली, तुम्ही काही सांगू नका, आजी लिहील. म्हणून लिहिले.

वसंता